पावडरखालचं पुरळ

हृदयाच्या कॅथलॅबबाहेर तिच्या मांडीवरच्या लेकाचा नंबर दुसरा होता. पहिल्या नंबरच्या बाळाची आई आणि आजी शेजारच्याच बाकावर बोलत होत्या.

"एवढी पावडर कशाला थापलीस गं?"

"पुरळ उठलंय, आई. सिस्टरना दिसलं तर तारीख तिसऱ्यांदा पुढे जाईल."

"भोक हृदयाला, पुरळ जांघेत. त्यांचं काय अडतंय?"

"जांघेतल्या शिरेतूनच नळी वर नेऊन भोक बुजवणार आहेत. छाती चिरायची नाही."

"मग जंतूही त्याच वाटेने वर जातील की, शहाणे!"

"दूध पितानाही धाप लागते हो तिला. अजून किती थांबू?"

दार उघडलं. "चला, पहिलं बाळ."

आईनेच दुपट्याने पावडर पुसली. "सिस्टर, आधी हे बघा."

सिस्टरने वाकून पाहिलं. "आज नाही करता येणार. दुसरं बाळ कोणाचं?"

लेकाला घेऊन बसलेल्या तिचा हात, शेजारच्या त्या आईकडे बघून, लगेच वर होईना.