त्याच पहाटे

नको गं, हा डबा परत ने, अगदी मनापासून सांगते. लाडू मालावीपर्यंत टिकतील, प्रश्न तो नाही; प्रश्न वजनाचा आहे. ऐकू येतंय ना आतून — सयाजी एकेक बॅग कवेत घेऊन वजनकाट्यावर चढतोय आणि अक्षरा त्याला आकडा वाचून दाखवतेय — आणि कमी वाचतेय, कारण तिला तिची खेळभांडी त्यात बसवायची आहेत. पाच वर्षांच्या मुलीला एवढं धोरण कुणी शिकवलं, ते मला विचारू नकोस. बस. त्या खोक्यावर नको, त्यात काचेचं आहे. या खुर्चीवर बस — घरमालक ती उद्या नेणार आहेत, तोवर आपलीच. बसवनगुडीहून आलीस, मॅजेस्टिकला मेट्रो बदलून, एवढ्या उन्हाची, आणि मी साधी कॉफीही विचारली नाही. नको? सरी, राहू दे. तसं दूधही नाहीच घरात.

हं — पुन्हा त्या रविवारचं. ऐकलं मी, तू दारातच सांगितलंस तेव्हाच ऐकलं. गिरीराजनं पाळकांकडे तुम्हा दोघांचं नाव दिलं, पुढच्या वर्षी मंडळी पाठवील त्या देशात सेवेला जायला तुम्ही तयार आहात. चांगलं आहे. नाही, आनंद झाला नाही असं नाही — माझा चेहराच असा आहे, इतकी वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला की चेहरा असा होतो. पण चर्चमधली माझी साक्ष ऐकून ठरवलं, असं मात्र म्हणू नकोस. पाचारण ज्याचं त्याला होतं. दुसऱ्याच्या साक्षीवर कुणी घर मोडून परमुलखात जात नाही — जाऊ नये. रडलीस? दिसलं मला, दुसऱ्या बाकावर होतीस. सगळेच रडले. निरोपाच्या उपासनेत लोक रडतातच. म्हणून तर आपण तमिळ मंडळीकडून त्यांचं चर्च अर्धा तास जास्त मागून घेतो.

ते राहू दे. विराट कसा आहे? — आजीपाशी ठेवून आलीस, बरं केलंस. मध्यंतरी फिट नाही ना आली? रविवारपासून एकदाही नाही. छान. म्हणजे औषध लागू पडलं. — काय? — थांब. पुन्हा सांग, हळू, आणि सुरुवातीपासून. सकाळचं बंद केलंस. आणि संध्याकाळचं अर्धं. कुणाला विचारून? डॉक्टरांना नाही. गिरीराजलाही नाही — त्याला हे माहीतच नाही. मग कुणाला विचारलंस? — असं. प्रार्थना केलीस.

गौरी, माझ्याकडे बघ. त्या मुलाचं वय तीन. ते औषध असं मध्येच तोडायचं नसतं. तोडलं तर फिट येते, आणि आलेली फिट मग लवकर थांबत नाही. हे मी माझं सांगत नाही, औषध सुरू करताना तुलाही हे बजावलं असणार. बजावलं होतं ना? मग? देवाचं आणि औषधाचं भांडण आहे असं तुला कुणी सांगितलं? आपल्या पाळकांची रक्तदाबाची गोळी कुठं असते ठाऊक आहे — व्यासपीठाच्या खणात, गीतांच्या पुस्तकाशेजारी. उपदेश लांबला की मध्येच घेतात ते. त्यांचा विश्वास कमी पडतो का? नाही ना? मग घरी जा आणि विराटला —

मी? मी असं कुठं म्हटलं? शब्द काय होते माझे, नेमके सांग. — "मी प्रभूला हो म्हटलं, आणि त्याच पहाटे माझ्या लेकीच्या प्लेटलेट वाढू लागल्या." हो. हेच वाक्य. तू पाठ केलंयस. मीही पाठच केलं होतं.

बरं, ऐक. ते वाक्य आपण जरा उसवून बघू. अक्षराला डेंग्यू झाला, खरं. दवाखान्यात ठेवली, खरं. मी घाबरले होते, तेही खरं — भीतीच्या बाबतीत मी एक अक्षर वाढवलेलं नाही. पण डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आकडा आधी खाली जाईल, मग आपसूक वर येईल. तोवर सलाईन आणि लक्ष, दुसरं काही नाही. आपसूक — हा त्यांचा शब्द. तो मी साक्षीत घेतला नाही. — हो, डॉक्टर देवानंच दिल्या, म्हण तसं, माझी हरकत नाही. मग विराटचे डॉक्टर कुणी दिले? त्यांचं औषध कुणी दिलं? — तसं नाही? का नाही? — "कारण तुम्ही हो म्हटलंत, अक्का, आणि आता आम्हीही म्हटलंय." बरं. बरं.

स्वल्प हळू बोल, सयाजी आत आहे. — पहाट नव्हती ती. आदल्या दुपारीच आकडा वर यायला लागला होता, आणि मला ते सांगायला डॉक्टरबाई फेरीवर आल्या तेव्हा मी जागेवर नव्हते. मी खाली कँटीनमध्ये सेट दोसा खात होते. सयाजी खाटेशी गुडघ्यांवर होता. त्याला सांगितलं त्यांनी. मी खात होते आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते — की हा माणूस डोळे मिटून बसणार, आणि पोरीनं पाणी किती प्यायलं, लघवी किती झाली, हे कुणी बघायचं? ही माझी प्रार्थना. आणि मालावीला जायचं "हो"? ते त्या दवाखान्यात मी कुणालाच म्हटलं नाही. अक्षरा घरी आली, शाळेत जायला लागली, भात नको म्हणून पुन्हा रुसायला लागली — त्यानंतर म्हटलं.

मग दोन्ही गोष्टी एकत्र कशा आल्या? हळूहळू. हे तुला कळायला हवं, गौरी, कारण कुणी मला खोटं बोल असं सांगितलेलं नाही. पहिल्यांदा मी घरगुती प्रार्थनासभेत बोलले, तेव्हा सगळं क्रमवार सांगितलं — आजार, मग बरं होणं, मग काही दिवसांनी निर्णय. लोक घड्याळं बघत होते. महानंदामावशी — आपल्या साक्षींचे कार्यक्रम लावतात त्या — मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "स्मिता, छान बोलतेस, पण मधलं फार लांबतं." तेवढंच म्हणाल्या बिचाऱ्या. पुढच्या चर्चमध्ये मी म्हटलं, "त्याच सुमारास." त्याच्या पुढच्या ठिकाणी, "त्याच आठवड्यात." वर्ग कुठं पेंगतो आणि कुठं मान वर करतो, हे मास्तरणीला कळतं ना — तसं मला कळत गेलं. रविवारी तुमच्यासमोर उभी राहिले तोवर ते "त्याच पहाटे" झालं होतं. घटनांचा क्रम बदलला म्हणून मी मुलांचे निबंध परत केलेत, गौरी. भर वर्गात लाज काढलीय एकेकाची — क्रम फिरवलास तर तू इतिहास लिहीत नाहीस, असं म्हणून.

हसतेस काय? — नम्रता? ही नम्रता नाही गं. मी माझ्याकडे कमीपणा घेत नाहीये, जो माझाच आहे तो दाखवतेय. ऐक तरी. — परीक्षा? कुणाची परीक्षा? तुझी? — म्हणजे तुला वाटतंय, मी तुझा विश्वास किती पक्का आहे ते तपासून बघतेय. पाळकांनी सांगितलं असेल मला, नाव देणाऱ्या माणसाला आधी असं हलवून बघा म्हणून. अगं, एवढी शक्कल आपल्या मंडळीत कुणाला सुचणार आहे? मराठी उपासनेला चाळीस माणसं येतात, त्यांतली निम्मी चहाच्या वेळेला येतात.

बरं. मग आणखी एक सांगते, हे सांगायचं ठरवलं नव्हतं. मी हो का म्हटलं, ते. तुला वाटतं, सेवेसाठी मी कॉलेजची नोकरी सोडली. साक्षीत आहे ते. मी सोडली नाही. माझी नेमणूक दरवर्षी वाढवून मिळायची. या खेपेला विभागप्रमुखांनी बोलावलं आणि सांगितलं, वाढवत नाही. मुलं कमी झालीत इतिहासाला, म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. त्याच दिवशी सयाजी मला घ्यायला आला होता. स्कूटरवर मागं बसले, आणि घरी जाऊन काय सांगायचं ते जुळवत होते — माझ्याहून कमी शिकलेल्या माझ्या बहिणी, त्यांना काय सांगायचं, घरमालकांना, शेजारच्या अक्कांना काय सांगायचं — तर त्यानं सिग्नलला मान वळवून नेहमीसारखं विचारलं, "मालावीचा विचार केलास का गं?" तिथली एक मिशनशाळा त्याला वर्षभर बोलावत होती, तो माझ्यासाठी थांबला होता, एका शब्दानं कधी घाई केली नाही. आणि मी म्हटलं, "केला. जाऊ या." त्यानं गाडी कडेला घेतली आणि रडला. मागच्या बसवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून जीव खाल्ला, तरी रडत होता. काढून टाकलेली बाई म्हणून जगण्यापेक्षा सोडून निघालेली बाई दिसणं बरं — एवढंच माझं पाचारण. त्याचं खरं आहे. त्याच्यावर शंका घेऊ नकोस. तो रोज पहाटे उठून ज्याच्याशी बोलतो, त्याच्यावर त्याचा विश्वास आहे. माझा कधी असतो, कधी नसतो, आणि नसतो तेव्हा मी चांगली बोलते.

नाही, त्याला माहीत नाही. दवाखान्यात मी मनातल्या मनात आधीच हो म्हटलं होतं आणि त्याला नंतर सांगितलं, असं त्याला वाटतं. साक्षीतूनच वाटायला लागलं. पहिल्या बाकावर बसून तोही ऐकत होता ना.

काय म्हणालीस? — "ते दार देवानंच बंद केलं असेल, अक्का." विभागप्रमुखांनी बंद केलं, गौरी. त्यांचं नाव मला माहीत आहे, खोली माहीत आहे. तू ऐकतच नाहीयेस. मी एकेक कपडा उतरवून तुझ्यापुढं ठेवतेय आणि तू प्रत्येकाची घडी घालून मलाच परत नेसवतेयस. मी आणखी काय सांगू म्हणजे तू आज संध्याकाळी त्या पोराला पूर्ण औषध देशील? — "बघते"? बघते म्हणजे नाही. हा शब्द मी सयाजीला वर्षभर दिलाय, मला त्याचा अर्थ शिकवू नकोस.

सयाजी मघापासून आत आहे, म्हणून मी आवाज दाबून बोलतेय, हे तुझ्या लक्षात आलंय ना? ही परीक्षा असती, तर मला कुजबुजायची गरज काय होती?

— सयाजी. जरा बाहेर ये. एकटा; अक्षराला तिथंच राहू दे. — ये. उभाच राहा, थोडंच बोलायचंय. हिनं विराटचं औषध तोडलंय, रविवारची माझी साक्ष ऐकून, आणि ती साक्ष खरी नव्हती हे मी सांगतेय ते हिला पटत नाही. म्हणून तुझ्यासमोर सांगते. अक्षरा बरी झाली तेव्हा मी हो म्हटलेलं नव्हतं. मनातही नाही. आणि कॉलेज मी सोडलं नाही, त्यांनी मला काढलं — ज्या दिवशी तू सिग्नलपाशी गाडी कडेला घेतलीस ना, त्याच दिवशी, त्याआधी तासभर.

गौरी, त्याच्याकडे बघ. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. नीट बघ. — आता पटलं? — हो. मग ऊठ. रिक्षा कर, मेट्रोनं जाऊ नकोस, आणि रिक्षातूनच डॉक्टरांना फोन लाव. राहिलेल्या औषधाचं काय करायचं ते त्यांना विचार, मला नाही. इथं थांबू नकोस. पुढचं आमचं आम्ही बघू. जा — आणि जाताना दार ओढून घे.