बाजूचा व्हाल

(शफीकचं घर, सिल्लोडकडचं एक गाव. जुलाबापायी आठ दिवस दवाखान्यात सलाईनवर काढून तो कालच परतलाय. त्याची बायको जहांआरा दारात ज्वारी निवडतेय. गावच्या सांडपाणी समितीचा अध्यक्ष बन्सी, शफीकचा शाळेपासूनचा सोबती, केव्हाचा येऊन बसलाय. ज्या कामाला आला ते काही त्याच्या तोंडातून निघत नाही.)

शफीक : ...एस्टीतून उतरलो तसाच कडूबाकडं गेलो. पाय धरले त्याचे. म्हणलं, तुझी माय माझ्यामुळं गेली.

बन्सी : उगं काय पाय धरतो रे.

शफीक : कामून? सांडपाण्याच्या हौदाची जाळी कोण साफ करायचं? मी. बंद कोणी केलं? मीच. जाळी तुंबली, घाण पाणी वढ्यात गेलं, वढ्यातून खालच्या गल्लीच्या इहिरीत. सारी गल्ली जुलाबानं आडवी पडली. कडूबाची माय, आवडामावशी, तर उठलीच न्हाई.

जहांआरा : तीन साल एकलेच करत होते, बन्सीभाऊ.

बन्सी : ठाऊक हाय, भाभी.

जहांआरा : ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले होते. घरटी पाळी ठरली होती. हौद बांधणारे प्रकल्पवाले साहेब लोक गेले, अन् दुसऱ्याच महिन्यात सगळे म्हणायला लागले, शफीकचा हौद. घाण साऱ्या गावाची, अन् हौद शफीकचा!

शफीक : जाऊ दे गं. बन्सी, मी तुला चारदा म्हणलं, पाळ्या लाव. तू म्हणला, बघू. मला राग आला. खोरं ठिवलं अन् घरी बसलो. तसं करायला नको व्हतं.

बन्सी : शफ्या, जाळी तुंबल्यानं पाणी वढ्यात गेलं न्हाई.

शफीक : मंग?

बन्सी : जाळी तुंबली की पाणी मागं फुगतं. वरच्या गल्लीत गटारी भरल्या. माझ्या दारापोतर आल्या. पोरीला बघायला कन्नडचे पाव्हणे येणार व्हते.

शफीक : पुढं बोल.

बन्सी : पायपाचा बाजूचा व्हाल खोलला म्या. पाणी हौदात न जाता सरळ वढ्यात सोडलं. म्हणलं, दोन दिवस. पाव्हणे आले, गेले. वास बी गेला. कोणी इचारलं नाय. व्हाल तसाच ऱ्हायला.

जहांआरा : किती दिवस?

बन्सी : सव्वीस.

शफीक : त्या व्हालला तार बांधलेली व्हती. मीच बांधली व्हती.

बन्सी : तोडली.

शफीक : काल कडूबाकडं तू बी व्हता. भिताडाला टेकून.

बन्सी : व्हय.

शफीक : मी पाय धरले तवा...

बन्सी : तवा मला बरं वाटलं, शफ्या. तेच सांगाया आलो. घडीभर लई बरं वाटलं. म्हणलं, सुटलो. मंग घरी गेलो अन् ताट तसंच सारलं.

जहांआरा : या अल्ला.

शफीक : व्हालचं काय केलं?

बन्सी : सकाळी बंद केला. जाळी साफ कराया उतरलो व्हतो. निम्मीच निघाली. कसं करत व्हता रे तू एकटा?

शफीक : खोरं उलटं धरायचं. मग गाळ सुटतो.

बन्सी : संगं चल ना कडूबाकडं. तू असला तर माझ्या तोंडातून शब्द तरी निघंल.

शफीक : नाय.

बन्सी : शफ्या...

शफीक : मी आलो तर तो परत माझ्याकडंच बघंल. तुझ्याकडं बघितलं पाहिजे त्यानं.

बन्सी : अन् ग्रामसभेत काय सांगू?

जहांआरा : पहले कडूबाभाऊ. सभा मागून. जा, आत्ताच वसरीवर दिसले मला.

बन्सी : जातो. भाभी, घोटभर पाणी देता?

जहांआरा : घ्या. कोमट लागंल, भाऊ. आता उकळूनच पितो आम्ही.