सुट्टीच्या दिवशीचा पासवर्ड

हेंद्रेपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मायलेकरं बोलत होती.

"राजरत्न, आज कामाचा दिवस ना? लॅपटॉप कुठंय तुझा?"

"जमा केला, आई. मला काढलं."

"काढलं? असं काय चोरलंस?"

"मी नाही गं. कंपनीचा डेटा बाहेर गेला. ज्या सर्व्हरवर तो चोवीस तास येत राहतो, त्याचं कनेक्शन मीच सेट केलेलं. सर्टिफिकेट, पासवर्ड, सगळं एकदम टाइट."

"मग गेला कसा?"

"माझ्याच लॉगिनने. पासवर्ड टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. चाळीस जण आहेत त्यात, नोकरी सोडून गेलेलेसुद्धा."

"ग्रुपवर कुणी टाकला?"

"मी."

"अरे, घराला कुलूप लावून चावी नाक्यावर टांगलीस?"

"सरांनी सांगितलं. सुट्टीवर जातोयस तर काम अडायला नको, म्हणाले."

"मग सांग ना तसं सगळ्यांना!"

"फोनवर बोलले होते. लिहून कुठे दिलं? आता म्हणतात, आठवत नाही."

"आणि तू कधी घेतलीस सुट्टी? तापातसुद्धा लॅपटॉप उघडून बसतोस."

"घेतली होती एक दिवस."

"कधी?"

"जाऊ दे ना, आई."

"माझ्या ऑपरेशनच्या दिवशी?"

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी हाक मारली.

"द्रौपदीबाई अहिरे! दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायची ना? मेडिक्लेम मुलाच्या कंपनीचाच?"

"तारीख नको, बाई. एका डोळ्याने पुष्कळ दिसतंय मला."