आवाजावर सही

...नाही, पण तुम्हीच सांगा, बोलायला शिकवणं हा उपचार नाही, तर काय हौस आहे? तुम्हाला सांगतो, विमा कंपनीच्या खिडकीतल्या साहेबांनी माझी फाईल चौथ्यांदा चाळली, चष्मा कपाळावर चढवला, आणि पुन्हा तेच, "काका, ह्यावर डॉक्टरांची सही कुठाय?"

अहो, असेल कशी! बायकोला झटका आला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "आता काम स्पीच थेरपिस्टचं." तोंडी हं! लिहून मागायचं मला कुठलं सुचायला! मग त्या बाई सहा महिने घरी यायच्या. समोर आरसा, ओठ मिटा, 'प' म्हणा, 'ब' म्हणा... आणि हिच्या तोंडून नुसतं "हंऽऽ". शेजारी बसून मीच 'प-ब' करायचो! बाई वैतागायच्या, "काका, तुम्हाला येतंय, तुम्ही गप्प बसा!" आणि पाचव्या महिन्यात एका दुपारी हिनं आरसा बाजूला सारला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली काय... "अहो... गॅस!" माझ्या डोळ्यांत पाणी. बाई ओरडल्या, "रडताय काय, आधी गॅस बघा!" दूध पार करपलं होतं हो!

महिन्याभरात दुसरा झटका. गेली. डॉक्टर घरी आले, दोन मिनिटं नाडी धरली, 'मृत' लिहिलं, सही ठोकली. त्यांचं बिल? लगेच मंजूर! आणि ज्यांनी हिला बोलतं केलं, त्या बाईंच्या बिलावर शिक्का, 'अनावश्यक सेवा'. साहेबांना म्हटलं, पैसे राहू द्या, तेवढा शिक्का खोडा. तर, "सही कुठाय?" गेलो डॉक्टरांकडे. ते म्हणतात, "पेशंटला तपासल्याशिवाय सही कशी करू?" आता तपासायला आणू कुठून?

शेवटी आज मोबाईलच खिडकीत धरला. बाई रोजचा सराव माझ्याच मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या ना, त्यातलं हिचं ते "अहो... गॅस!" लावलं. मागच्या रांगेनं माना पुढे काढल्या. साहेबांनी चष्मा खाली घेऊन पुसला, पुन्हा घातला, म्हणाले, "अजून एकदा लावा." लावलं. मला वाटलं, झालं काम!

"स्पष्ट बोलल्यात हो वहिनी," हळूच म्हणाले. "पण काका... ह्यावर डॉक्टरांची सही कुठाय?"

आता बोला! फाईल उचलली, घरी आलो, चपलासुद्धा न काढता आधी गॅस बघितला.

बंद होता.