धुतलेला शर्ट

तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्या पुढे दोघी बोलत होत्या. एक तरुण, दुसरी साठीची, कापडी पिशवी पोटाशी धरून.

"मावशी, काल ती खुनाची मालिका बघितलीत? पोलीस दारात, आणि आईनं मुलाचा रक्ताचा शर्ट धुवायला घेतला."

"बघितली."

"बापाला मारलं, तरी पोटचा गोळाच ना. मीही तेच केलं असतं."

"तिनं गरम पाणी घेतलं. गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो."

"इतकं कोण बघतं, मावशी? म्हणजे तुम्ही थंड पाण्यानं धुतला असतात."

"बादली भरली होती मी. थंडच."

"मग?"

"दोरीवर सुनेचे कपडे वाळत होते. सकाळी तिनंच धुतलेले. आणि ती आत गार पडलेली. शर्ट तसाच ह्या पिशवीत घातला आणि चौकीवर नेऊन दिला."

तरुणी त्या पिशवीकडे बघू लागली.

"चल पुढे, रांग सरकली."

"आजी, आजही तो भेटायला नाही म्हणतोय," खिडकीतला शिपाई म्हणाला.

"बरं. मग हा शर्ट तेवढा आत द्या. धुतलेला आहे."