पांढऱ्या धुराचा वास

मी, मोटार मिस्त्री, वय ६१ वर्षे, धंदा गाडी दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या मागची खोली, कोणी न बोलावता आज पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

काल उतारावर ज्या जुन्या गाडीने पोस्टमनला धडक दिली, ती माझ्या जावयाची आहे. पोस्टमनचा पाय मोडला आहे. गाडी खराब आहे हे माहीत असून चालवली, म्हणून जावयाला धरलं आहे. त्याला माहीत नव्हतं. त्याने मला विचारलं होतं.

काल सकाळी साडेसातला तो गॅरेजवर आला. म्हणाला, "मामा, मागून पांढरा धूर येतोय, बघा ना जरा."

धूर निळा असला तर इंजिन ऑइल खातंय, काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय. हे डोळ्यांनी कळतं. पांढऱ्याचं तसं नाही. थंडीत साधी वाफही पांढरीच दिसते, इंजिन तापलं की ती जाते. धुराला गोडसर वास असला तर मात्र इंजिनातलं गॅस्केट फाटलंय आणि कूलंट, म्हणजे रेडिएटरचं पाणी, आत जळतंय असं समजायचं. चाळीस वर्षं मी हे नाकानेच ठरवत आलो.

मी सायलेन्सरपाशी वाकलो, हुंगल्यासारखं केलं आणि म्हणालो, "काही नाही, वाफ आहे. जा बिनघोर." इंजिन तापेपर्यंत थांबून परत बघायला हवं होतं. थांबलो नाही. जावई माझा शब्द खाली पडू देत नाही, तो गेला.

मागच्या वर्षीच्या तापापासून मला वास येत नाही. दूध करपलं तरी बायको ओरडते तेव्हा कळतं. तिच्याशिवाय कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गिऱ्हाइकं म्हणतात, मिस्त्रीचं नाक म्हणजे मशीन. लाज वाटते साहेब, दुसरं काय.

आज ठाण्याच्या आवारात हवालदारांसमोर बॉनेट उघडलं. रेडिएटर कोरडा, ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ फेस, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं, गॅस्केट फाटलेलंच. इंजिन तापून उतारावर बंद पडलं, आणि इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा होतो, जोर लावला तरी नीट लागत नाही. त्यात जावयाची काही चूक नाही.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, विचार करा. हे लिहिलं तर उद्या तुमच्याकडे कोण येईल?" मी म्हणालो, लिहा. रोज हुंगायचं नाटक करून थकलोय.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. माझी मुलगी शेजारी उभी होती, तिलाही हे आत्ताच कळलं. त्यात 'वास कमी येतो' असं लिहिलं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'अजिबात येत नाही' असं केलं. आता बरोबर आहे.