धुतलेली वाळू

प्लेग येऊन गेल्यावर सुरतेत सगळ्यांनाच स्वच्छतेचं वेड लागलं होतं, त्यात माझी बायको सगळ्यात पुढे. लिंबायतच्या खोलीत मी माशांची टाकी ठेवलेली. दिवाळीच्या साफसफाईत तिनं टाकीतली वाळू आणि फिल्टरचा स्पंज उकळत्या पाण्यात धुतला. पाणी एकदम नितळ दिसायचं, पण थोड्याच दिवसांत मासे वर येऊन तोंडं वासायला लागले.

ज्याच्याकडून मासे घेतले होते तो दुकानदार म्हणाला, "भाई, माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. तो खाणारे जंतू वाळूत राहतात, तेच तुम्ही मारले. आता मासे जगवायचे तर माझ्या टाकीतली मळकी वाळू न्या."

वाळूची पिशवी घेऊन घरी आलो, त्यात काय आहे ते सांगितलं, तशी बायको दारातच आडवी उभी राहिली.

"म्युनिसिपालटीवाले गल्लोगल्ली पावडर मारून जंतू मारतायत, आणि तुम्ही विकत घेऊन आलात?"